माझ्या आजीचे नाव तुमच्या दफ्तरात आहे: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी एका तहसील कार्यालयाचे उत्तर मला टपालाने मिळाले. 'सदर अभिलेख जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही', एवढे एकच वाक्य आणि खाली शिक्का. कोयना खोऱ्यातील बुडीत गावांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, म्हणजे गाव नमुना नंबर 14, तीन महिन्यांत स्कॅन करू, असे याच कार्यालयाने मागच्या वर्षी लोकशाही दिनाच्या अर्जावर मला लेखी कळवले होते. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले तर एखाद्या कारकुनाची बदली होईल आणि प्रश्न मिटला असे तुम्हाला कळवले जाईल.

माझ्या वडिलांची आई 1935-36 च्या सुमारास तापाने गेली, तेव्हा वडील चार वर्षांचे होते. तिला ते 'आई' म्हणत, यापलीकडे तिचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. आजोबांनी दुसरे लग्न केले, पहिलीचे नाव घरात कोणी काढले नाही आणि तिचे माहेर कोणते हेही कोणाच्या लक्षात राहिले नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, 2019 साली गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला दोनदा विचारले, "आईचं नाव सापडलं का?" दोन्ही वेळा मला नाही म्हणावे लागले, आणि ते दोन नकार आजही माझी झोप मोडतात.

डोंगरातल्या माणसाने आपले कूळ शोधायचे तर कुठे जायचे, हे मंत्रालयात कोणाला माहीत नसावे, म्हणून सांगते. आमच्याकडे पूर्वी हेळवी येत असे. बैल घेऊन, घंटा वाजवत तो दारात उभा राही, घराच्या पिढ्या म्हणून दाखवी आणि नव्या जन्माची नोंद आपल्या वहीत करी. धरणामुळे आमची भावकी रत्नागिरी, रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी पांगली आणि हेळव्याची वाटच तुटली. मी त्याच्या नातवंडांचा माग काढला, तेव्हा वहीत आठ पिढ्या मिळाल्या, आठही पुरुषांच्या. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पणजोबांच्या यात्रेची मोडीतली नोंद निघाली, तिच्यातही मुलगे आणि नातूच होते. आमच्या कुळाच्या कागदात घरची बाई कुठेच नाही. ती मेल्यावर गावच्या पाटलाने सरकारी वहीत जी एक ओळ लिहिली असेल, तेवढीच तिची खूण उरली आहे. गाव तर शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की देवळाचे जोते दिसते आणि पहिल्या पावसात ते पुन्हा जाते.

त्या एका ओळीसाठी मी अकरा खेपा केल्या आहेत. माझे वय सहासष्ट आहे आणि दोन एसट्या बदलून, गुडघ्यांना पट्टे बांधून मी त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढते. एकदा साहेब दौऱ्यावर असतात, एकदा किल्ली सापडत नाही, एकदा मोडी वाचणारे कोणी नसते. म्हणून वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी मोडी शिकले. सातव्या खेपेला मला अभिलेख कक्षाच्या दारापर्यंत जाऊ दिले. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे ओल आलेल्या भिंतीला लावून ठेवले होते आणि वरच्या पत्र्यातून पाणी ठिबकत होते. कागद आपोआप जीर्ण होत नाही, मंत्रिमहोदय, त्याला तसे ठेवले जाते. अभिलेख जपण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकणारा सार्वजनिक अभिलेख अधिनियम या राज्यात 2005 सालीच झाला आहे. तो ठिबकणाऱ्या पत्र्याखाली लागू होत नाही का?

हे काम सरकारला जमत नाही, असे मला कोणी सांगू नये. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दफ्तरे उघडली गेली, मोडी वाचणारी माणसे मिळाली आणि कागद स्कॅनही झाले. त्या नोंदींवर ज्यांचा हक्क आहे त्यांना त्या मिळाल्याच पाहिजेत. पण पान उघडलेच होते, तर एका शब्दापलीकडचे का वाचले नाही? पूर्वज हा तुमच्या व्यवस्थेला फक्त दाखल्यापुरता लागतो. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांकडून 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्याच वर्षी 11 डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला, आणि त्याच्या आधीच आमची गावे धरणाने उठवली होती. ज्यांचे घर, देऊळ आणि मसणवटा सरकारने पाण्याखाली घातला, त्यांनीच पुरावा आणायचा आणि तो पुरावा ज्याच्या कुलपात आहे त्याने 'जीर्ण' असा शिक्का मारून मोकळे व्हायचे, हा न्याय कोणता? ऊस आणि कारखाने असलेल्या सपाटीवरच्या तालुक्यात असे उत्तर द्यायची तुमच्या अधिकाऱ्यांची हिंमत झाली असती का? डोंगरातला माणूस थकून परत जातो, हे त्यांना पक्के माहीत आहे.

बुडीत गावांच्या सर्व नोंदवह्या पुराभिलेख संचालनालयाच्या जाणकारांकडून दुरुस्त करून घ्याव्यात, स्कॅन कराव्यात आणि विखुरलेल्या धरणग्रस्तांना त्या घरबसल्या पाहता याव्यात, अशी माझी मागणी आहे. त्याला वेळ लागेल, हे मी समजते. तोवर मला त्या खोलीत एक टेबल द्या. मी स्वतः मोडी वाचीन, माझ्याबरोबर इतरांच्याही नोंदी उतरवून देईन आणि एक पैसा घेणार नाही. आमच्या गावाचा रुमाल डावीकडच्या मांडणीवर खालून दुसऱ्या फळीवर आहे. पावसाळ्यापूर्वी तो मला उघडू द्या.

आपली,
कोयना खोऱ्यातील धरणग्रस्त कुटुंबातली एक निवृत्त शिक्षिका