फिरत्या मशीनवर हँडग्लोव्हज नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्या हौशी मंडळींवरचा लेख वाचला, आवडला, मुंबईत बाल्कनीएवढ्या जागेत लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून हत्याराने घडवायचं मशीन, बसवून लोक वाडगे, पेनं, पोळपाट-लाटणी बनवतायत म्हणजे कौतुकच आहे. पण त्यासोबतचा फोटो बघून राहवेना म्हणून लिहितोय. लेथवर वाडगा फिरतोय, समोर सैल बाह्यांचा कुर्ता घातलेला तरुण, हातात जाड हँडग्लोव्हज, आणि खाली चौकटीत सल्ला काय तर 'सुरक्षिततेसाठी हातमोजे वापरा'. अहो, नेमकं उलटं आहे!

आमच्या टर्नर, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या, लोकांना पहिल्या आठवड्यात उस्ताद हेच सांगायचा, फिरत्या जॉबजवळ (मशीनवर लावलेल्या तुकड्याजवळ) मोजा नाही, फडका नाही, दोरा नाही. उघडं बोट फिरत्या लाकडाला लागलं तर साल जाते, रक्त येतं, माणूस हात मागे घेतो. मोज्याचं टोक अडकलं तर मोजा फाटत नाही, तो गुंडाळत जातो आणि आत हात असतो. साधी मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते म्हणजे सेकंदाला २४, तुम्ही 'अरे' म्हणेपर्यंत मनगट गेलेलं असतं. ड्रिल मशीन आणि टेबलावरच्या ग्राइंडरलाही हेच लागू. फळ्या उचलताना, ब्लेड बदलताना घाला ना मोजे, कोण नको म्हणतंय. हातात धरायच्या ग्राइंडरची गोष्ट थोडी वेगळी, तिथे दोन्ही हात हँडलवर असतात आणि कंपनीवालेच मनगटाला घट्ट बसणारे मोजे सांगतात.

मोज्यांसारखीच बाकीची यादी म्हणजे शर्टाच्या बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन, इअरफोनची वायर, मोकळे केस. आणि आपल्याकडची खास म्हणजे राखी. रक्षाबंधनानंतर कित्येक पोरं ती आपोआप गळेपर्यंत ठेवतात, कोणाच्या मनगटाला गंडा असतो, कोणाचं कडं. काढायला सांगितलं की रागावतात, बहिणीने बांधलीय म्हणतात. मशीन बंद झाल्यावर परत बांधा की, बहीण काही बोलणार नाही. चालू मशीनजवळ तेलपाणी आणि तपासणी करणाऱ्याला घट्ट कपडे, ते पण मालकाने द्यायचे, असं १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २२ मध्ये लिहिलेलं होतं. पण दोन-तीन माणसांचा गाळा किंवा घरची बाल्कनी फॅक्टरीच्या व्याख्येत बसतच नाही, त्यामुळे तिथे इन्स्पेक्टर कोण, तर आपणच.

दुसरी गोष्ट स्पीडची, आणि हौशी लोक इथेच जास्त फसतात असं माझं मत. लहान पेन फिरवलेल्या स्पीडवरच मोठा वाडगा लावतात. १२ इंची जॉब १४४० वर फिरवला तर त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वर पळते, विरार फास्टच समजा, आणि त्यात एखादी चीर किंवा गाठ असली तर तुकडा थेट तोंडावर. साधा हिशोब आहे, जॉबचा व्यास इंचात घ्या आणि त्याला आरपीएमने, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी, गुणा, उत्तर ६,००० ते ९,००० च्या आत ठेवा. म्हणजे १२ इंचाला ५०० ते ७५०, आणि लाकूड अजून ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. चालू करायच्या आधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचा, टूलरेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) कुठे घासत नाही ना, चकची (जॉब पकडणाऱ्या जबड्याची) चावी काढली ना, आणि बटण दाबताना जॉबच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला. पॉलिश पेपर मारताना टूलरेस्ट काढून ठेवा, बोट मध्ये चेपायला तेवढी फट पुरते. गॉगलने डोळे वाचतात, जबडा नाही, म्हणून पूर्ण चेहऱ्याची शील्ड घ्या. भुशासाठी मास्कही हवाच, लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ लाच कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकलंय.

इंटिरियरच्या साइटवर तर वेगळाच प्रकार, चार इंची ग्राइंडरचा गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढून त्याला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड. ते लाकडात अडकलं की ग्राइंडर उसळतो आणि येतो मांडीवर नाहीतर गळ्याकडे, मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे असताना सावरायला वेळच मिळत नाही. एका दुकानात मी गार्ड मागितला तर दुकानदार म्हणतो, 'काका, तो सगळे काढूनच टाकतात, मध्ये येतो.' अरे बाबा, मध्ये यायलाच तर बनवलाय! ब्लेडवर किती आरपीएमपर्यंत चालेल तो आकडा छापलेला असतो, ग्राइंडरचा आकडा त्याच्यापेक्षा जास्त असेल तर ते ब्लेड लावायचंच नाही. कटिंगच्या चकतीला तर एक्सपायरीही असते, मधल्या पत्र्याच्या रिंगवर बघा.

आणि लाइट. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती, आठवत असेल. अशा वेळी माणूस वैतागून चहाला निघून जातो आणि बटण चालूच राहतं, मग लाइट आली की मशीन स्वतःहून सुरू, तोपर्यंत कोणीतरी जॉब पुसायला हात घातलेला. लाइट जाऊन आली तरी पुन्हा बटण दाबेपर्यंत मशीन सुरू न करणारा स्टार्टर मिळतो, नो-व्होल्ट कॉइलवाला, लोहार चाळीत कुठल्याही इलेक्ट्रिकवाल्याला विचारा. मशीनला एवढे पैसे घालणाऱ्याला तो जड नाही.

एवढं सगळं व्हिडिओ बघून येत नाही हो, कारण व्हिडिओत मशीनचा आवाज आणि थरथर कळत नाही, आणि जॉब सुटायच्या आधी आवाजच बदलतो. मुंबईतल्या आयटीआयमध्ये लेथ आहेत, शिकवणारे आहेत, रविवारी वर्कशॉप बंद असतात. तिथे हौशी लोकांसाठी दोन-तीन तासांचा सेफ्टीचा वर्ग काढता येईल का, फी घ्या हवी तर, हे तुमच्या पेपरने संबंधितांना विचारावं. शिकवायला माणूस कमी पडला तर मी भांडुपहून येईन, फक्त सकाळी लवकर ठेवा, रविवारी मेगाब्लॉक असतो.

आपला,
एक जुना टर्नर, भांडुप