अशनींच्या नोंदींना बातमीचा आधार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जालना-परभणी भागातील आम्ही काही आकाशनिरीक्षक मराठी विकिपीडियावरील अशनींविषयीचे, म्हणजे अवकाशातून जमिनीवर पडलेल्या दगडांविषयीचे, लेख दुरुस्त करण्याचे आणि वाढवण्याचे काम हौसेने करीत आहोत. या कामात आपल्यासारख्या दैनिकाची मदत फार मोलाची ठरेल, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रात पडलेल्या अशनींची संख्या थोडी असली तरी त्यांचे महत्त्व थोडे नाही. खानदेशात १८४३ साली माणेगावला पडलेला दगड डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारातला आहे, बीडला लागून असलेल्या जामखेडची नोंद १८६६ची आहे, तर नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी भर दुपारी अशनीचे तुकडे पडले. आंतरराष्ट्रीय सूचीत यांचे ठिकाण, तारीख, वर्ग आणि वजन मिळते. पण आवाज कोणत्या दिशेने आला, दगड कोणाच्या शिवारात सापडला आणि पुढे तो कोणाच्या ताब्यात गेला, हे बहुधा स्थानिक वृत्तपत्रातच छापून येते. विकिपीडियावर स्वतः पाहिलेले लिहून चालत नाही, छापील किंवा प्रकाशित संदर्भ द्यावाच लागतो, आणि हा नियम आम्हांला पूर्णपणे योग्य वाटतो. त्यामुळे बातमीत गाव, तालुका आणि वेळ नसेल, तर ती माहिती लेखात कधीच येऊ शकत नाही.

बातमीतील चूकही तशीच लेखात उतरते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, राज्याच्या अनेक भागांतून दिसलेल्या प्रकाशरेषांना उल्का समजले गेले; प्रत्यक्षात चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरीला धातूचे मोठे कडे सापडले आणि ते अग्निबाणाचे अवशेष असल्याचे पुढे आले. मराठवाड्यात तर अधिकच सावध राहायला हवे. आपल्या काळ्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे नांगरताना निघालेला साधा दगडही दोरीने टांगलेल्या चुंबकाला ओढतो, आणि एवढ्यावरून त्याला अशनी म्हणता येत नाही. वितळून तयार झालेले पातळ काळे कवच आणि अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे या खुणा पाहाव्यात. अंतिम निर्णय मात्र भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या संस्थेच्या तपासणीनंतरच व्हावा.

शेजारच्या लोणारबद्दलही असेच आहे. तेथे आदळलेल्या अशनीचा मोठा तुकडा हाती लागलेला नाही. आघाताचा पुरावा आहे तो दाबाने बदललेल्या खनिजांत, विशेषतः मॅस्केलिनाइटमध्ये, ज्याचे पहिले वर्णन १८६५ साली बिहारमधील शेरघाटीला पडलेल्या, मंगळावरून आलेल्या दगडावरून झाले. लोणार आणि शेरघाटी हे दोन दुवे मराठी वाचकाला एका जागी वाचायला मिळावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

म्हणून विनंती आहे, की अशा घटनेची बातमी देताना गाव, तालुका, वेळ, वजन आणि दगड सोपवलेल्या कार्यालयाचे नाव आवर्जून छापावे, तपासणीचा निष्कर्ष आल्यावर तो पहिल्या बातमीइतक्याच ठळकपणे द्यावा, आणि जुन्या अंकांतील अशा बातम्या अभ्यासकांना पाहू द्याव्यात.

आपला विश्वासू,
एक आकाशनिरीक्षक वाचक, जालना