'शॉर्ट सर्किट' लिहिलं की चौकशी संपते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की तुमच्या नागपूरच्या पानावर गाडी पेटल्याच्या बातम्या सुरू होतात. कधी वर्धा रोडवर चालती गाडी, कधी घरासमोर रात्रभर उभी असलेली. बातमी दोन ओळींची असो की फोटोसकट अर्धा कॉलम, शेवट ठरलेला: 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' त्या प्राथमिक अंदाजानंतरचा दुसरा अंदाज मी आजवर वाचलेला नाही.

मी महालात आर्मेचर वायंडिंगचं, म्हणजे डायनॅमोच्या आणि मोटरच्या फिरत्या भागावर तांब्याची तार नव्याने भरायचं, दुकान चालवते. दुकान वडिलांचं. ते ट्रकचे आणि ॲम्बेसेडरचे डायनॅमो (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारे) भरायचे, सेल्फ (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरी) भरायचे. आता ते काम माझ्याकडे आहे. गाडीत आगीचं काही झालं की जळालेला माल शेवटी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतो. तांब्याची तार कुठून काळी पडली, कम्युटेटरचा, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला ब्रश टेकतात त्या तांब्याच्या कड्याचा, कोणता भाग निळा झाला, यावरून बरंच काही कळतं. ते आम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून स्वतःहून लिहिते आहे.

सध्या एका जुन्या स्पोर्ट्स कारचं काम चालू आहे, तिच्यावरून सांगणं सोपं जाईल. एमजीए १५००, सन १९५६. आजकालच्या पोट्ट्यांना एमजी म्हटलं की हेक्टर आठवते. ही त्या नावाची जुनी गाडी. इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली, दोन माणसांची, वरून उघडी, दाराला बाहेरून कडीसुद्धा नाही. मालक धरमपेठेतले. गाडी त्यांच्या आजोबांची, मधली कित्येक वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, लाल बरा दिसेल की मूळचा क्रीम?" मी म्हटलं, "भाऊ, रंगाचं नंतर पाहू, आधी डॅशबोर्डच्या खाली हात घाला." हात बाहेर आला तेव्हा त्यात वायरीवरच्या सुती वेष्टणाचा नुसता भुगा होता.

त्या काळच्या लुकास या इंग्लिश कंपनीच्या वायरिंगला रंगांची शिस्त होती. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, पांढरी म्हणजे चावीनंतरची, हिरवी म्हणजे चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची, काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या लोखंडाला जोडलेली. सत्तर वर्षांनी सगळ्यांचा रंग एकच होतो, आपल्या धुळीचा. आणि फ्यूज किती? अख्ख्या गाडीला दोन. हेडलाइटला फ्यूजच नाही. तपकिरी वायरलाही नाही. तपकिरी वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला थांबवणारं मध्ये काहीच नसतं. वायर वितळेल किंवा बॅटरी संपेल तेव्हाच थांबायचं. या गाडीच्या एका फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली मिळाली. हे काम कोणी इंग्रजाने केलेलं नाही, आपल्याच कोणत्यातरी गॅरेजात झालेलं आहे. 'डायरेक्ट करून देतो साहेब' हे वाक्य नागपुरातल्या प्रत्येक गाडीवाल्याने एकदा तरी ऐकलेलं असतं.

हेडलाइटचा हिशेब ऐका. या गाडीचा डायनॅमो जास्तीत जास्त १९ अँपिअर देतो, तेही इंजिन पळत असताना. गाडी सिग्नलला उभी राहिली की जवळपास काहीच देत नाही, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो आणि मालक घाबरतो. ते दुखणं नाही, डायनॅमोचा स्वभाव आहे. आता कोणी उजेड कमी पडतो म्हणून १०० वॅटचे दोन बल्ब बसवले, तर २०० भागिले १२, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर नुसते हेडलाइटच खातात. इग्निशन, मागचे दिवे, हॉर्न यांना उरलं काय? आणि त्याहून वाईट म्हणजे हा सगळा प्रवाह जुन्या बारीक वायरीतून, फ्यूजशिवाय, एका म्हाताऱ्या स्विचमधून जातो. स्विच तापतो, वायरीचं वेष्टण मऊ होतं. पुढे जे होतं त्याला तुमचा बातमीदार शॉर्ट सर्किट म्हणतो. ते खरंच आहे, पण ते शेवटचं पान आहे. पहिलं पान बल्बच्या दुकानात लिहिलेलं असतं.

आता अर्थिंग. बॅटरीची एक तार चॅसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला), म्हणजे विजेचा परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडातून. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चॅसिस यांच्यामध्ये एक जाड, विणलेली तांब्याची पट्टी असते. इंजिन उतरवून परत चढवताना ती पट्टी हमखास खाली राहते. गाडी तरीही सुरू होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअर लागतात, त्यांना परत तर जायचंच असतं. अंबाझरी ओसंडला त्या २०२३ च्या सप्टेंबरात पाणी कसं मिळेल त्या गल्लीतून घरात शिरलं, तसा हा प्रवाह मिळेल त्या धातूतून परत जातो: चोकच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. चोकची केबल लाल झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि चोकची केबल कुठे जाते? थेट कार्बोरेटरला, पेट्रोलच्या शेजारी.

तपासायला मोठं यंत्र लागत नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावायची आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्या खाली राहिला तर ठीक, वर गेला तर परतीचा रस्ता कुठेतरी अडला आहे. या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक चॅसिसला. हल्लीच्या मुलांना हे माहीत नसतं आणि ते सवयीने उलट जोडून मोकळे होतात. दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या सीटच्या मागे, एकमेकींना जोडलेल्या. त्यातली एकच बदलून लोक निश्चिंत होतात, हा आणखी एक प्रकार. मालकांना मोबाइल चार्जर हवा होता. पॉझिटिव्ह अर्थवर आजचं इलेक्ट्रॉनिक सामान तसंच जोडलं तर जळतं. गाडी निगेटिव्हला नेता येते. बॅटरीच्या तारा उलटायच्या, डायनॅमोच्या फिल्डची (आतल्या चुंबकाच्या कॉइलची) वायर सोडून तिथे बॅटरीची तार क्षणभर टेकवून त्याला नव्याने शिकवायचं, इग्निशन कॉइलच्या तारा पालटायच्या. पण एका चार्जरसाठी हा उपद्व्याप कशाला? पॉवर बँक घ्या म्हटलं.

उभ्या गाडीच्या आगीचं मात्र लोकांना फार नवल वाटतं. 'चावी काढलेली होती हो!' जुन्या डायनॅमोच्या गाडीत याचं एक उत्तर कटआउटमध्ये, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये, असतं. डायनॅमोचा दाब पावणेतेरा ते सव्वातेरा व्होल्टच्या आसपास गेला की कटआउटचे पॉइंट मिटतात आणि बॅटरी चार्ज होते. इंजिन बंद पडलं की ते उघडले पाहिजेत. पॉइंट जळून चिकटले तर उघडत नाहीत. मग बॅटरीच उलटी डायनॅमोला वीज पाठवते, त्याला मोटर समजून फिरवू पाहते. पट्टा त्याला फिरू देत नाही. बिनफ्यूजच्या तपकिरी वायरीतून हा खेळ रात्रभर चालतो. सकाळी निदान बॅटरी मेलेली असते, नाहीतर आर्मेचर कोळसा झालेलं असतं, आणि त्यापुढचं तुम्ही छापता. असं आर्मेचर ओळखू येतं: कम्युटेटरवर ब्रश टेकलेल्या जागीच भाजल्याची खूण, बाकी सगळं थंड. फिरत्या डायनॅमोला अशी एकाच जागेची खूण पडत नाही.

या गाडीचा डायनॅमो सुदैवाने भरण्यासारखा निघाला. ग्रोलरवर (आर्मेचर तपासायच्या चुंबकावर) आर्मेचर ठेवून वर हॅकसॉचं पातं धरलं की तारा आतून एकमेकींना लागलेल्या असतील तिथे पातं थरथरतं. बाबांनी मला शिकवलेलं हे पहिलं काम. फिल्डचा रोध सुमारे सहा ओहम आला, म्हणजे ती कॉइल चांगली. आर्मेचर नव्याने भरलं, कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक कोरून खाली घेतला, बुश (टोकाचं बेअरिंग) नवा घातला. मग नुसती बॅटरी जोडून त्याला मोटरसारखं फिरवून पाहिलं. एकसारखा फिरला. याच डायनॅमोच्या मागच्या टोकावरून टॅकोमीटरची (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याची) केबल निघते, तेव्हा भरताना तिकडचा गिअर जपावा लागतो. दुसऱ्या एका ठिकाणी हाच डायनॅमो काढून अल्टरनेटर, म्हणजे हल्लीच्या गाड्यांतलं वीज बनवणारं यंत्र, बसवा असा सल्ला मिळाला होता. बसेल, पण मग टॅकोमीटर शोभेचा.

इंजिनाचं काम गड्डीगोदामच्या एका मिस्त्रींकडे आहे. मी त्यांना काका म्हणते. एमजीएचं नाव ऐकून बाकीचे गॅरेजवाले मागे सरले, काकांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "हे तर ॲम्बेसेडरचं इंजिन आहे बाप्पा!" बरोबरच आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी सिरीज, १४८९ सीसी. ॲम्बेसेडरला वर्षानुवर्षं हेच होतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९. फरक वरच्या बाजूला आहे: इथे एसयू या बनावटीचे दोन कार्बोरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन. त्यामुळे ॲम्बेसेडरचा पिस्टन मापाला बसला तरी डोळे मिटून घालायचा नाही, असं काका म्हणतात. जाम झालेलं इंजिन त्यांनी सेल्फने हलवलं नाही. सिलिंडरमध्ये तेल सोडून, थांबून, पुलीला पाना लावून हाताने फिरवलं. वॉटर जॅकेटमधून (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून) बोअरवेलच्या पाण्याचा क्षार खरवडून काढला, पांढरा, दगडासारखा. आपल्या मे महिन्यात तो क्षार तसाच ठेवला असता तर रेडिएटर कितीही नवा घालून उपयोग नव्हता. मागच्या बाजूने थोडं ऑइल टपकणारच, कारण या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, तेल परत ढकलणारे नुसते आटे आहेत. त्याला कोणी दुरुस्त करायला जाऊ नये. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. व्हील सिलिंडर सगळे गंजलेले होते, सगळे बदलले. त्यावर जास्त लिहीत नाही, ब्रेक आधी करावेत हे कोणालाही कळतं.

काकांनीच दाखवलेली गोष्ट इथे सांगते. या इंजिनाला कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्बोरेटर वर आणि तापलेला एक्झॉस्ट खाली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईत कचरा अडकला की पेट्रोल ओसंडतं. कार्बोरेटरच्या जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या नळीला) कॉर्कच्या सीलिंग रिंगा आहेत, त्या सुकल्या की तिथूनही पाझरतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ होतात, नंतर चिरतात. आम्ही सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या, ओव्हरफ्लोच्या पाइपा एक्झॉस्टपासून दूर वळवल्या. अशी गाडी पेटली तर त्यात विजेचा हात शेवटच्या ठिणगीपुरता असतो, किंवा तोही नसतो. पण बातमीत काय येईल, ते तुम्हाला माहीत आहे.

मालकांना आणखी एक भीती होती. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. मग मी तपकिरी वायरीवर आणि हेडलाइटवर जादा फ्यूज घातले तर चालेल का? माझ्या मते फ्यूज हा चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांपैकी काहीच नाही. जुन्या डिझाइनची वायरिंग त्याच रंगांत, त्याच जाडीची, वर सुती वेष्टण, आणि आत चार फ्यूज लपवलेले. कोणी बॉनेट उघडलं तरी दिसणार नाहीत. बॅटरी तोडणारा स्विच सीटमागे. हे सगळं मिळून खर्च झाला तो रंगाच्या कोटेशनपेक्षा बराच कमी. प्रदर्शनात लोक रंगाचेच फोटो काढतात, ते काढू द्या.

तुमच्याकडे मागणं एवढंच. गाडी पेटल्याची बातमी येईल तेव्हा बातमीदाराने तीन गोष्टी विचाराव्यात: आग पहिल्यांदा कुठे दिसली, गाडीत नंतर काय जोडलेलं होतं, जादा दिवे, हॉर्न, म्युझिक, आणि फ्यूजच्या जागी फ्यूजच होता का. जुनी असेल तर पेट्रोलच्या नळ्या कधी बदलल्या हेही. उत्तर मिळालं नाही तर 'कारण कळले नाही' असं छापा, ते अधिक खरं होईल. विम्याचा सर्व्हेअरही तुमचीच बातमी वाचतो, आणि गल्लीतला वायरमनसुद्धा.

बातमीदाराला जळालेली आर्मेचर पाहायची असतील तर माझ्याकडे टेबलाखाली डब्यात ठेवलेली आहेत. कोणतं कशाने जळलं ते दाखवते. दुपारी चारनंतर यावं, त्याआधी वार्निश भट्टीत असतं आणि वास सहन होत नाही. सोमवारी दुकान बंद.

आपली,
एक वायंडिंगवाली, महाल, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती)