ट्रम्प यांचं अभिनंदन आणि गूगलचा निकाल

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

गूगलच्या सर्चवरच्या मक्तेदारीच्या खटल्याचा निकाल लागल्यावर ट्रम्प म्हणाले, की हा खटला बायडन यांनी चालवला. त्यात तथ्य किती, असं तू विचारलंस. उत्तर जरा लांबेल, कारण ते वाक्य अर्धं खरं आहे.

४ सप्टेंबर २०२५ला व्हाइट हाउसमध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखांना मेजवानी होती. तिथे ट्रम्प सुंदर पिचाईंना म्हणाले, तुमचा कालचा दिवस फार चांगला गेला. आणि हा खटला बायडन यांनी चालवला, हेही त्यांनी ऐकवलं. आता तारखा बघ. सर्चचा दावा वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला २० ऑक्टोबर २०२०ला. अध्यक्ष तेव्हा ट्रम्पच होते. दावा करणाऱ्या अमेरिकी न्याय विभागासोबत ११ राज्यं होती, आणि त्या अकराही राज्यांचे महाधिवक्ते रिपब्लिकन. सुनावणी सप्टेंबर २०२३मध्ये बायडन यांच्या काळात सुरू झाली, तेवढं ट्रम्प यांचं बरोबर. बायडन सरकारने स्वतः केलेला दावा वेगळा: जानेवारी २०२३चा, व्हर्जिनियातला, जाहिरात तंत्रज्ञानाबद्दलचा. या दोन खटल्यांची सरमिसळ सर्रास होते. बातमी वाचताना आधी न्यायाधीशाचं नाव बघत जा: मेहता असतील तर सर्चचा खटला, ब्रिंकेमा असतील तर जाहिरातींचा.

मला खटकतं ते मात्र तारखांपेक्षा मोठं आहे. न्या. अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ला गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निष्कर्ष दिला. आधार १८९०च्या मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याचं कलम २. दावा दिवाणी, त्यामुळे तुरुंगाचा प्रश्नच नाही. प्रश्न उरतो उपायाचा. त्यावरची सुनावणी एप्रिल २०२५मध्ये झाली. गूगलला तिचा क्रोम ब्राउझर विकायला लावा, अशी मागणी तिथे न्याय विभागाने केली, म्हणजे ट्रम्प यांच्याच सरकारने! २ सप्टेंबरला मेहतांनी ती फेटाळली. आपले वकील ज्या मुद्द्यावर हरले, त्याबद्दल देशाच्या प्रमुखाने प्रतिवादीचं अभिनंदन करावं, हे मला अजिबात मान्य नाही. अपिलाची वाट तेव्हा दोन्ही पक्षांना मोकळी होती.

गूगल पूर्ण सुटली असंही नाही. सर्च, क्रोम आणि जेमिनी या एआय सहाय्यकासाठी 'फक्त आमचंच ठेवा' असे करार करायला बंदी आली. पैसे देऊन फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलं सर्च आधीपासून बसवून घ्यायला मात्र मुभा राहिली, आणि खरी मेख तिथेच आहे. अशा जागांसाठी गूगलने एकट्या २०२१मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. एवढी रक्कम दुसरं कुणी देऊ शकत नसेल, तर करारातून 'फक्त' हा शब्द काढून कितीसा फरक पडणार? मेहतांचं म्हणणं असं, की पैसे एकदम बंद केले तर फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्यांचं नुकसान होईल, आणि चॅटजीपीटीसारख्या जनरेटिव्ह एआयमुळे स्पर्धेचं चित्रही बदललंय. पहिला मुद्दा मला पटतो, दुसरा घाईचा वाटतो.

आता माहितीच्या वाटपाकडे लक्ष ठेव. शोध-सूचीचा (गूगलने केलेल्या वेबपानांच्या नोंदीचा) काही भाग आणि वापरकर्त्यांच्या वर्तनाची काही माहिती 'पात्र' स्पर्धकांना द्यायची आहे, निकालाची मुदत सहा वर्षं. सुरक्षिततेच्या अटी सुचवायला आणि देखरेखीला तांत्रिक समिती आहे. पण पात्र कोण, हे त्या समितीच्या सल्ल्याने वादींनी ठरवायचं. म्हणजे राज्यांच्या जोडीला त्याच न्याय विभागाने.

तुझा,
अविनाश