दत्ता, गोळ्या परत सुरू कर

कोल्हापूर
पितृपक्ष, पहिला आठवडा

प्रिय दत्ता,

काल फोनवर विषय निघाला आणि तू लगेच गुळाच्या दरावर गेलास, म्हणून लिहायला बसलो. रिपोर्ट चांगला आला म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, हे तू अगदी सहज बोलून गेलास. रात्री डोळा लागेना. भावा, डॉक्टरांना फोन कर आणि गोळ्या परत सुरू कर. बाकीचं पत्र एवढ्यासाठीच आहे.

तुझं एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 8.6 होतं, ते 6.8 वर आलं. मनापासून आनंद झाला. पण हा आकडा येतो कुठून ते बघ. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणजे 6.8 हा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब, आणि त्या महिन्यांत तू रोज गोळी घेत होतास. तो आकडा गोळीसकट आलेला आहे. वजन चांगलं उतरलं की काही जणांची गोळी कमी होते, एखाद्याची बंदही होते. पण ते तपासण्या बघून डॉक्टरांनी ठरवायचं.

तू विचारलं होतंस, रात्री अर्धी भाकरी खाऊनसुद्धा सकाळी उपाशीपोटी साखर 150 कशी? कारण साखर फक्त ताटातून येत नाही. रात्री आपण झोपलेलो असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं. इन्सुलिनचं नीट चालत असेल तर ते यकृताला आवर घालतं. आपल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे टाईप टूमध्ये, इन्सुलिन तयार होतं, पण यकृत आणि स्नायू त्याला दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन करत राहतं आणि काही वर्षांनी तेही कमी पडायला लागतं. तुझी मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचं हे साखर सोडणं कमी करते. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून ती जेवणासोबत घ्यायची. फार वर्षं घेतली तर बी ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, तेही अधूनमधून तपासून घे.

आता गूळ. तुझं आयुष्य मार्केट यार्डात गेलं, तुला गुळाबद्दल मी काय सांगणार! पण 'गूळ चालतो, साखर चालत नाही' हे जे अडतीवर बसून सगळे तुला सांगतात ते खरं नाही. गुळातही बहुतेक सगळी साखरच असते आणि रक्तात गेल्यावर तिचं ग्लुकोजच होतं. आपला गूळ चवीला जगात भारी आहे, पण सौद्याच्या वेळी प्रत्येक रव्याचा, म्हणजे ढेपेचा, खडा तोडून तोंडात टाकायची तुझी सवय आता दुसऱ्या कुणाला तरी दे. आणि एक, यार्डात बसून ग्लुकोमीटर लावतोस ना, त्याआधी साबणाने हात धूत जा. बोटाला गूळ लागलेला असला की मशीन भलताच मोठा आकडा दाखवतं. बोटाच्या मधोमध टोचू नकोस, कडेला टोच, कमी दुखतं.

ते मशीन लोकांच्या सल्ल्यापेक्षा जास्त शहाणं आहे. मिसळ सोडायची का, असं तू विचारत होतास. मी सोडली नाही. चार स्लाइस ब्रेड खाल्ला तेव्हा दोन तासांनी 210 आली. पुढच्या रविवारी त्याच हॉटेलात मटकी जास्त घेतली, फरसाण कमी, ब्रेड एकच, आधी काकडी-कांदा खाल्ला आणि नंतर रंकाळ्यावर अर्धा तास चाललो. त्या दिवशी 158. जेवल्यावर चाललं की पायांचे स्नायू साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनचीसुद्धा फारशी वाट बघत नाहीत. तांबडा-पांढरा घे, पण तर्री बेतानं आणि भात वाटीभर. वहिनींना म्हणावं, दत्तासाठी वेगळं शिजवू नका. जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजी सगळ्या घरालाच चांगली. वडिलांना मधुमेह असला की पोरांनाही धोका जास्त असतो.

आता पायांबद्दल, आणि हे नीट वाच.

आमच्या तात्यांना नवी कोल्हापुरी चावली होती. अंगठ्याजवळ भाकरीच्या पिठाच्या चिमटीएवढी जखम. त्यांना ती दुखलीच नाही. बरेच दिवस वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. मोजा ओला लागला तेव्हा आईच्या लक्षात आलं. अंगठा काढावा लागला. तात्या त्यानंतर ज्योतिबाला कधी चढले नाहीत.

म्हणून सांगतो, या नवरात्रात अनवाणी राहू नकोस. दरवर्षी नऊ दिवस तू चप्पल घालत नाहीस, मला माहीत आहे, आणि त्यामागची श्रद्धाही माहीत आहे. अंबाबाईच्या दारात चप्पल काढ, बाहेर आलास की लगेच घाल. तापलेल्या फरशीचा चटका तुला कळला नाही तर फोड संध्याकाळी दिसेल. रोज झोपताना तळवे आरशात बघ, बोटांच्या बेचक्यात बघ. माझे डॉक्टर वर्षातून एकदा मला डोळे मिटायला सांगतात आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात. लागलं की 'हो' म्हणायचं. दोन मिनिटांची तपासणी, पण तुझी अजून कुणी केलेली नाही. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिनही वर्षातून एकदा तपासायचं. तिथलं नुकसानसुद्धा आधी दुखत नाही.

उपवासाचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यानं साखर झपाट्यानं चढते. उलट तुझ्या दुसऱ्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, ती घेऊन उपाशी राहिलास तर साखर घसरते. घाम, थरथर, छातीत धडधड झाली की मशीन लाव. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, 15 मिनिटांनी परत तपास, मग काहीतरी खा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेव आणि अडतीवरच्या पोरांना सांगून ठेव. लपवून काय मिळणार? चक्कर आली तर पाणी देणारी तीच पोरं आहेत.

इन्सुलिन लागेल या धास्तीनं तू गोळ्या टाळतोयस, असं वहिनींच्या बोलण्यात आलं. अरे, जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी टाईप वनच्या, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, पोरांना उपाशी ठेवून जगवायचा प्रयत्न करायचे आणि ती तशीच जायची. तेव्हा त्या सुईला शेवटचं टोक समजू नकोस. कधी लागलीच, तर घेऊ. मीही घेईन.

गुरुवारी यार्डाला सुट्टी टाक. मी गाडी घेऊन येतो. जुने-नवे सगळे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि ग्लुकोमीटर एका पिशवीत घाल. ती कारल्याची पावडर घेतोयस तीही घे, डॉक्टरांना दाखवू. वहिनींनाही सोबत घे, त्यांचे प्रश्न तुझ्यापेक्षा चांगले असतात.

आईंना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास