आजीच्या पानाचा फोटो

ब्रिस्टल, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबांना सा. न. वि. वि.

घरमालकीण बाईंच्या टेबलावर मी मांडलेल्या आजीच्या पानाचा फोटो तुम्ही पाहिलात आणि रविवारी बाबांनी फोन मध्येच ठेवला. पाच मिनिटांत आईचा मेसेज आला, "त्या बाईच्या हातचं काही खाऊ नकोस." म्हणजे घरात दोघांचं पटलं नसलं तरी माझ्यावर रागावण्यावर एकमत झालेलं दिसतंय. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितेय. चहा घेऊन बसा, पत्र लांबणार आहे.

आधी घरमालकीण बाईंबद्दल. त्या स्वतःला विच म्हणवतात, हे खरं. मराठीत त्याचं चेटकीण झालं की आईला करणी आठवते, लिंबू-मिरची आठवते, आणि बाबांना बुवाबाजी. माझ्या बाई पासष्टीच्या आहेत, निवृत्त ग्रंथपाल. थायरॉइडची गोळी वेळेवर घेतात आणि वांगी माझ्याहून बरी भाजतात. त्यांचा धर्म विक्का. तो पेगन म्हणवणाऱ्या अनेक पंथांपैकी एक. दुसरे ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे, तिसरे उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स देवांना मानणारे, असे बरेच आहेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म 'पेगन' लिहिला आणि आणखी १३ हजारांनी 'विक्का'. पेगन हा शब्द लॅटिनमधल्या 'खेड्यातला माणूस' या अर्थाच्या शब्दावरून आला. पुढे ख्रिस्ती लोक तो आपल्यात न आलेल्यांना हिणवायला वापरू लागले. आपल्याकडे आलेल्या मिशनऱ्यांनी आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनाही त्याच रांगेत बसवलं होतं. तेव्हा आई, त्यांच्या हिशेबात तूही पेगनच.

आता बाबा, तुमच्यासाठी. इंग्लंडमध्ये १७३५ साली एक कायदा झाला. त्याने चेटकिणींना फाशी देणं बंद केलं, कारण चेटूक खरं असतं हेच सरकारने मानायचं सोडलं. उलट, मला चेटूक येतं, मला मेलेल्यांशी बोलता येतं, असा दावा करणाऱ्याला वर्षभरापर्यंत तुरुंगवास ठेवला. तुमच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख काय होता? दाभोलकर गेले त्या ऑगस्टमध्ये वाईहून एसटीने तुम्ही पुण्याला निषेधाला गेला होता, ते मला लख्ख आठवतंय. तर हा १७३५ चा कायदा १९४४ मध्येही वापरला गेला. मृतात्मे बोलावते म्हणणाऱ्या हेलन डंकन नावाच्या बाईंना त्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो रद्द झाला, त्याजागी भोंदू मिडियमसाठी दुसरा आला, आणि २००८ मध्ये तोही जाऊन प्रकरण ग्राहक संरक्षणाच्या नियमांत गेलं. भुताने फसवलं तर ग्राहक म्हणून तक्रार करा! हे वाचताना मला तुमचंच हसू ऐकू आलं.

१९५१ मध्ये कायदा गेल्यावर तीनच वर्षांनी जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याने पुस्तक लिहून जाहीर केलं, की इंग्लंडमध्ये चेटकिणींचा प्राचीन धर्म अजून जिवंत आहे आणि मला त्याची दीक्षा मिळाली आहे. हा माणूस मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून आलेला. विक्का त्याच्यापासून पसरला. आता तो धर्म खरंच प्राचीन का? नाही. रोनाल्ड हटन म्हणून इतिहासकार आहेत, इथल्याच ब्रिस्टल विद्यापीठातले (जन्म मात्र आपल्या उटीचा). त्यांनी १९९९ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं, की हे बहुतेक विसाव्या शतकातलंच बांधकाम आहे, जुन्या विटा इकडून-तिकडून आणून रचलेलं. मला वाटलं होतं बाई हे ऐकून चिडतील. त्यांच्या कपाटात हटनचं पुस्तक होतं, पेन्सिलने खुणा केलेलं. म्हणाल्या, "म्हणजे माझा धर्म माझ्या आईच्या वयाचा आहे. चालतंय की." बाबा, तुम्ही आयुष्यभर देवळांच्या पायऱ्यांवर ज्या उत्तराची वाट पाहिलीत, ते मला एका चेटकिणीच्या स्वयंपाकघरात मिळालं.

बाई मानतात काय? एक देवी आणि एक शिंगं असलेला देव, वर्षाच्या चक्राबरोबर जन्मणारा, मरणारा. पण ते खरोखरचे आहेत की नुसती रूपकं, यावर त्यांच्या गटातल्या सात जणांची सात मतं आहेत आणि त्यातला एक चक्क नास्तिक आहे. कुणी कुणाला बाहेर काढत नाही. सगळ्यांनी मानलाच पाहिजे असा ग्रंथ नाही, धर्मांतर करा म्हणून दारं ठोठावणं नाही. सृष्टी पवित्र आहे एवढं मात्र सगळे धरून असतात. आणि एक नियम: कुणाचं वाईट होत नसेल तर तुला हवं ते कर. शिवाय, केलेलं तिपटीने परत येतं म्हणे. आई, 'करावे तसे भरावे', फक्त व्याज जास्त.

एक गोष्ट तुम्ही शोधून वाचालच, म्हणून मीच सांगते. गार्डनरच्या परंपरेत काही गट विधी वस्त्रांशिवाय करतात. आमच्या बाई ३१ ऑक्टोबरला दोन स्वेटर आणि मफलर घालून होत्या.

त्यांचे वर्षाला आठ सण. चार सूर्याचे, म्हणजे दोन अयनं (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि दोन संपात (दिवस-रात्र सारखे), आणि मधले चार जुन्या आयरिश नावांचे. ३१ ऑक्टोबरचा साऊइन. त्या रात्री इकडच्या-तिकडच्या जगातला पडदा पातळ होतो म्हणतात, आणि आपल्या गेलेल्यांचं पान मांडतात. बाईंनी मला विचारलं, "तुझं कुणी आहे का?"

बाबा, खरं भांडण इथेच आहे ना?

आजी गेली तेव्हा तुम्ही तिचे डोळे दान केलेत. दहावं-तेरावं केलं नाहीत, त्या पैशाची पुस्तकं शाळेला दिलीत. मला तेव्हाही त्याचा अभिमान होता, आजही आहे. आई मात्र स्वयंपाकघरात पाठ फिरवून रडली होती, आणि तू का रडतेस हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर व्हिडिओ कॉलवर होते, वायफाय तुटत होतं.

म्हणून मी हो म्हटलं. इंडियन दुकानातून जोंधळ्याचं पीठ आणलं. भाकरी थापताना दोनदा फाटली, तिसरी जमली. लसणाची चटणी खलबत्ता नसल्याने मिक्सरमधली, आजीने नाक मुरडलं असतं. मिश्रीची डबी काही मिळाली नाही.

बाईंनी बोथट सुरीने हवेत एक वर्तुळ आखलं. ती सुरी कापायला वापरत नाहीत, भाजीलाही नाही. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी, अशा चार दिशांना हाक मारली. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं. नंतर जेवण, संपूर्ण मुक्याने. सात माणसं आणि सात रिकाम्या खुर्च्या. कुणाच्या पुढ्यात बिअरचा ग्लास, एकीच्या पुढ्यात लहान मुलाचा दुधाचा कप. त्या कपानंतर मला हसू आलं नाही. पाऊण तास कुणी बोललं नाही आणि कुणाच्या अंगात आलं नाही. मी आजीची भाकरी बघत बसले आणि मला पहिल्यांदा नीट रडू आलं. तोच तो फोटो, आई, जो तू मामीला दाखवलास आणि मामीने सगळ्या वाईला.

आजी आली असं मला वाटलं नाही. ती वाईच्या घाटाच्या पलीकडे कधी फारशी गेली नाही, ब्रिस्टलला कशाला येते! मी धर्मही बदललेला नाही. मेणबत्ती लावून मनासारखी नोकरी मिळवायचा त्यांचा मंत्र मला पटत नाही, आणि ते मी बाईंना तोंडावर सांगितलंय. पण पटत नसलं तरी कुणाचं पान वाढता येतं. एवढं मला त्या टेबलावर कळलं आणि तुम्हाला सांगायचं होतं. आईला पुढच्या पितृपक्षात वाढायचं असेल तर बाबा, तुम्ही फक्त शेजारी बसा. मंत्र म्हणायला कुणी सांगत नाहीये.

जूनमध्ये तुम्ही इथे असाल. बाबांना स्टोनहेंज, ते प्राचीन दगडांचं वर्तुळ, बघायचंय ना? उन्हाळी अयनाच्या रात्री तिथे फुकट प्रवेश असतो, थेट दगडांपर्यंत जाता येतं, आणि पाचच्या आत सूर्य उगवतो. पांढऱ्या झग्यातले ड्रुइड असतील. ते दगड साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे राहिले आणि ड्रुइडांचा उल्लेख त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी सापडतो, तेव्हा बांधणारे ते नव्हेत. बाबा, हे त्यांना सांगत बसू नका. त्यांना माहीत आहे.

जेवणानंतर पानं अंगणात ठेवायची असतात. सकाळी बघितलं तर आजीची भाकरी गायब, चटणी तशीच. इथे कावळे आहेत, पण बाई म्हणाल्या कोल्हा असणार. ब्रिस्टलमध्ये रात्री रस्त्यावरून कोल्हे फिरतात, मी स्वतः पाहिलेत. तिखट त्याला झेपलं नसेल.

एक काम आहे. टेबलावर मी ठेवला तो आजीचा आधार कार्डावरचा फोटो होता, त्यात ती पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते. ट्रंकेत तळाशी एक आहे, मेणवलीच्या घाटावरचा, पदर तोंडाला लावून हसतेय तो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा. उजेडात काढा, फ्लॅश नको.

तुमची लेक