सुजेवरची गोळी कधी थांबवायची

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, भातलावणीत गुडघा सुजला तेव्हा खानापूरच्या मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी तुम्ही आठ दिवस सलग घेताय, असं आई म्हणाली. ती आता थांबवा. का, ते नीट लिहिते.

आपल्या पेशींत कॉक्स नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, असतं. पेशीच्या आवरणातल्या एका स्निग्धाम्लापासून ते प्रोस्टाग्लँडिन नावाची, शरीरात निरोप पोचवणारी रसायनं बनवतं. कॉक्सचे दोन प्रकार. कॉक्स-१ रोजच्या कामाचं: जठराचं अस्तर राखायचं, मूत्रपिंडाला रक्त पुरवायला मदत करायची, जखमेवर रक्त गोठवायला हात लावायचा. कॉक्स-२ मार लागल्यावर काही तासांत वाढतं. गुडघा गरम होतो, ठणकतो, तो बराचसा त्याच्यामुळे.

पण तेच एन्झाइम सूज उतरवायलाही लागतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या फुप्फुसाच्या आवरणाला सूज आणली होती. कॉक्स-२ दोन तासांनी वाढलं आणि ४८ तासांनी, सूज ओसरत असताना, पहिल्याहूनही जास्त वाढलं. तेव्हा ते ठणका लावणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ फारसं बनवत नव्हतं, सूज शमवणारं प्रोस्टाग्लँडिन डी२ बनवत होतं. त्या वेळी औषधानं ते अडवलं, तर सूज उलट रेंगाळली. आई, चूल पेटवणारा हातच भात शिजत आला की लाकडं मागे ओढतो ना, तसंच. उंदरांवरच्या प्रयोगावरून गोळी वाईटच असं म्हणणार नाही. दोन-तीन दिवस ठणका असह्य असेल तर ती कामाची. सवयीनं घेत राहणं चूक.

डायक्लोफिनॅक दोन्ही कॉक्स अडवते. जेवून घेतली म्हणून जठर सुटत नाही, कारण ती रक्तातूनही तिथे पोचते. त्यात तुमची बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी. या तिन्ही एकत्र आल्या, वर शेतात घाम गळाला आणि पाणी कमी पडलं, की मूत्रपिंडावर ताण येतो. या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या.

हृदयासाठीची ७५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन मात्र मनानं बंद करू नका. ती प्लेटलेटमधल्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांमधल्या, कॉक्स-१ला कायमची खीळ घालते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून एवढीशी मात्रा पुरते. आधी आयबुप्रोफेन (दुसरी दुखण्याची गोळी) घेतलं तर ते तीच जागा अडवून बसतं आणि ॲस्पिरिनला शिरायला वाट उरत नाही.

दुखलंच तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. पट्टीची मागची बाजू वाचा: डायक्लोफिनॅकच्या पुष्कळ गोळ्यांत ३२५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. बसताना पाय उशीवर.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी कमी झाली, पाय सुजले, धाप लागली, किंवा गुडघा तापून अंगात ताप भरला, तर रात्र असली तरी बेळगावला दवाखाना गाठा.

आई, डब्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो, मागच्या बाजूचे, आजच पाठव.

तुमची लेक